वॉलपेपरची डिझाईन जुळवायची तर आधी लेबल बघ

भावा, पहिल्यांदाच लावतोयस तर कात्री नंतर, आधी रोलवरचं लेबल वाच. बॅच नंबर सगळ्या रोलचा एकच पाहिजे, नाहीतर रंगात फरक दिसतोच. मग रिपीट बघ. समजा ६४/३२ लिहिलंय, म्हणजे डिझाईन दर ६४ सेमीला परत येते आणि शेजारची पट्टी ३२ सेमी खाली सरकवायची. असल्या डिझाईनला मी दोन रोल एकदम उघडतो, एका रोलातनं १, ३, ५ नंबरच्या पट्ट्या आणि दुसऱ्यातनं २, ४, ६, कागद लई वाचतो. भिंत २९० सेमी उंच असली तरी पट्टीला ३२० धर, म्हणजे ६४ चे पूर्ण पाच रिपीट, १० मीटरच्या रोलात तीनच बसतात, हिशोब तसाच कर.

आमच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात एक कोपरा सरळ नव्हता, मी कोपऱ्याच्या रेषेनं सुरुवात केली आणि चौथ्या पट्टीपर्यंत वेलीची पानं अर्धा इंच वर चढली, सगळं काढावं लागलं. तेव्हापासनं ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) वरनं खाली सोडून त्याच्या रेषेत पेन्सिलची रेघ मारल्याशिवाय मी पहिली पट्टी लावतच नाही.

जुळवताना डोळ्याच्या उंचीला जुळव, तिथंच नजर जाते. वर-खाली केसभर हललं तरी चालतंय. कागद ओढू नको बरं का, ओला कागद ताणतो आणि वाळल्यावर जोड उघडा पडतो.

आणि पावसाळ्यात भिंतीला ओल असेल तर थांब, दिवाळीपर्यंत थांबलास तरी चालेल.