‘प्रिन्स ऑफ पर्शिया’सारख्या व्हिडिओ गेमवरून कागदी गेमबुक कसे तयार करावे?

मुलाच्या आवडत्या व्हिडिओ गेमवरून ‘डावीकडे जायचे असल्यास अमुक परिच्छेद वाचा’ अशा पद्धतीचे पुस्तक घरी तयार करायचे असेल, तर सुरुवात कुठून करावी आणि पडद्यावरचा थरार कागदावर उतरतो का, असे तुम्ही विचारले आहे. गेल्या वर्षी मी माझ्या अकरा वर्षांच्या भाच्यासाठी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’वरून 146 परिच्छेदांचे असे एक पुस्तक केले, त्या अनुभवावरून सांगतो. थरार नक्की उतरतो, मात्र त्यासाठी गेममधील दृश्ये बाजूला ठेवून त्याचे नियम कागदावर आणावे लागतात.

जॉर्डन मेकनर यांचा हा गेम 1989 मध्ये अ‍ॅपल 2 संगणकासाठी आला आणि नव्वदच्या दशकात डॉस या जुन्या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकांमुळे माझ्या पिढीतल्या अनेकांनी तो खेळला. बारा लेव्हल, साठ मिनिटे आणि सुरुवातीला केवळ तीन जीव (म्हणजे मरण्याआधी किती घाव सोसता येतात त्याची मोजणी), एवढ्यावर तो उभा आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी प्रत्येक दालनाचे, मशालींचे आणि फरश्यांचे तपशीलवार वर्णन केले होते. ते वाचनीय होते, पण त्यात खेळ नव्हता. मग मी कागद घेऊन, हा गेम खेळताना आपल्याला नेमकी कशाची धास्ती वाटायची, एवढेच लिहून काढले. तीन गोष्टी निघाल्या: संपत चाललेला वेळ, हुकणारी उडी आणि आरशातून बाहेर पडणारी, नायक राजपुत्राचीच प्रतिकृती असलेली छाया. त्यानंतरचे सारे पुस्तक या तिघांभोवती रचले आणि बारा लेव्हलच्या पाच केल्या.

मूळ गेममध्ये राजपुत्र मेला की लेव्हल पुन्हा सुरू होते, पण गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. कागदावर मी यासाठी तीस चौकोनांची एक पट्टी आखली. ठरावीक परिच्छेदांच्या शेवटी ‘एक चौकोन खोडा’ अशी सूचना येते, आणि मरण आले तर लेव्हलच्या आरंभी परत जायचे, मात्र खोडलेले चौकोन खोडलेलेच राहतात. अशी पुस्तके वाचताना मुले मागच्या पानात बोट घालून ठेवतात आणि निर्णय चुकला की गुपचूप माघारी येतात. या पट्टीमुळे ती सवय आपोआप सुटते, कारण मरणाची भीती फारशी उरत नाही आणि वेळेची मात्र वाढत जाते.

उडीसाठी बहुतेक जण फासा वापरतात. मला तो येथे पटला नाही, कारण मूळ उडी नशिबाची नसून हाताच्या सफाईची आहे. म्हणून पानावर आठ सेंटिमीटर अंतरावर दोन कठडे काढले. पेन्सिलचे टोक डाव्या कठड्यावर टेकवायचे, डोळे मिटायचे आणि एका दमात रेघ ओढून उजव्या कठड्याच्या बोटभर पट्टीत थांबायचे. अलीकडे राहिलात किंवा पलीकडे गेलात तर खाली भाले आहेत. भाच्याने पहिल्या दिवशी ही उडी अकरा वेळा मारली आणि त्याच्या कपाळावर अगदी की-बोर्डपुढे बसल्यासारख्या आठ्या होत्या.

सर्वांत जास्त विचार स्मरणशक्तीचा करावा लागतो. तलवार मिळाली, कुपी प्यायली, दार उघडले, हे संगणक स्वतः लक्षात ठेवतो. कागद काहीच लक्षात ठेवत नाही, तेव्हा ते काम वाचकाच्या हाती द्यावे लागते. साध्या बाबींसाठी सांकेतिक शब्द पुरतो: ‘नोंदपत्रकावर आरसा हा शब्द लिहा’, आणि पुढे कधीतरी ‘आरसा लिहिलेला असल्यास 58, नसल्यास 90’.

छायेचे प्रकरण मात्र एवढ्याने भागले नाही. गेमच्या अखेरीस ती तलवार उपसून समोर येते, तिच्यावर केलेला प्रत्येक वार राजपुत्रालाच लागतो, आणि त्याने तलवार म्यान केली की दोघे एक होतात. ‘तलवार म्यान करा’ असा पर्याय छापला असता तर सगळे रहस्यच फुटले असते. म्हणून पहिल्या पानावरील नियमांत एक ओळ घातली: कोणत्याही लढाईत तलवार म्यान करायची असल्यास चालू परिच्छेदाच्या क्रमांकात 7 मिळवून तो परिच्छेद वाचावा. एकूण नऊ लढाया होत्या, त्यामुळे नऊ क्रमांक आधीच राखून ठेवावे लागले. साध्या पहारेकऱ्यापुढे हे केले तर एका घावात मरण येते, त्यामुळे वाचक हा नियम निरुपयोगी समजून विसरतो. परिच्छेद 112 मध्ये छाया भेटते आणि तेथे फक्त ‘वार करा’ व ‘मागे सरा’ हेच पर्याय आहेत. भाच्याने दोन वार केले, दोन्ही वेळा स्वतःचाच जीव खोडला, आणि एकच उरल्यावर पेन्सिल खाली ठेवून पहिले पान उघडले. नंतर बराच वेळ काही न बोलता तो 119 वर गेला.

रचनेबाबत एक हिशेब आधीच करून ठेवा. प्रत्येक वळणावर दोन वाटा आणि असे दहा निर्णय एकमेकांत न मिसळता ठेवले, तर 1024 शेवट लिहावे लागतील. म्हणून वाटा वेणीच्या पेडांसारख्या फुटून पुन्हा एकत्र याव्यात, आणि वेगळेपण चौकोन, जीव व सांकेतिक शब्द यांत राहावे. प्रत्येक परिच्छेद वेगळ्या कार्डावर लिहा, त्याला आधी क्रमांक न देता ‘पडकी फरशी’, ‘उंदराचे दालन’ असे नाव द्या आणि सगळी कार्डे जमिनीवर मांडून दोऱ्याने जोडून पाहा. क्रमांक अगदी शेवटी चिठ्ठ्या काढून द्यावेत. लढाया आणि त्यांच्या राखीव जागा तेवढ्या आधी बसवाव्यात. कथेत लागोपाठ येणारे परिच्छेद पानावरही शेजारी आले, तर नजर आपोआप पुढच्या उत्तरावर पडते. कोणत्या क्रमांकांवरून येथे येता येते, हे कार्डाच्या मागे लिहून ठेवा आणि तपासणी शेवटाकडून आरंभाकडे करा. माझ्या चार चुका, त्यांतील एक कधीही न संपणारे चक्र, अशाच सापडल्या.

हे घरापुरते असेल तोवर मूळ नावे चालतील, पण विकायचे किंवा इंटरनेटवर ठेवायचे झाल्यास पात्रे, नावे आणि चित्रे स्वतःचीच घ्या.

बांधणीत मी एकदा फसलो. पहिली प्रत सुईदोऱ्याने शिवली होती, पण सतत पुढे-मागे जाताना ती हातातून मिटत असे. दुसऱ्या वेळी 64 पाने ए4 कागदाच्या सोळा तावांवर दोन्ही बाजूंनी झेरॉक्स करून, मध्ये कापून स्पायरल बाइंडिंग केले. ती टेबलावर सपाट उघडी राहते. चौकोनांची पट्टी, जीव आणि उडीचे कठडे पुस्तकात न छापता सुट्या कागदावर घ्या आणि त्याच्या दहा-बारा प्रती काढून ठेवा, कारण खोडरबराने दोन-तीन खेळांतच कागद विरतो.