अक्कलदाढेभोवतीची सिस्ट आणि बायोप्सीची धास्ती

प्रश्न: मुलगा १९ वर्षांचा. खालची अक्कलदाढ वर आलीच नाही, गाल जरा सुजल्यासारखा वाटला म्हणून ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे) काढला तर दाढेभोवती मोठा काळा डाग. नेहमीचे डेंटिस्ट म्हणाले सिस्ट (पाण्यानं भरलेली पिशवी) आहे, काढून टाकू. सर्जन म्हणतायत आधी बायोप्सी (तुकडा काढून लॅबमध्ये तपासणं). दुखत तर काहीच नाही, मग कॅन्सरचा संशय आहे का? – एक आई, सांगली

उत्तर: ताई, बायोप्सी म्हटलं की लगेच कॅन्सर डोक्यात आणू नका. सर्जनचं बरोबर आहे. न उगवलेल्या दाढेभोवती साधी डेंटिजेरस सिस्ट होते हे खरंच, पण युनिसिस्टिक अमेलोब्लास्टोमा नावाची ट्यूमर याच वयात, याच जागी, फोटोत डिट्टो तशीच दिसते. कॅन्सर नाही, पण हाड पोखरत जाते आणि अर्धवट काढली तर परत येते. दुखत नाही याला फार अर्थ नाही, दोन्ही बहुतेक वेळा गुपचूपच वाढतात.

फोटोत शेजारच्या दाढेची मुळं सुरीनं कापल्यासारखी झिजलेली दिसली किंवा हाड गालाकडे आणि जिभेकडे फुगलं असेल तर संशय वाढतो, सीबीसीटीत (जबड्याच्या थ्रीडी स्कॅनमध्ये) ते नीट कळतं. पण फोटो नाव सांगत नाही. सुईनं पाणी काढून बघतात, पिवळसर पाणी आलं तरी ट्यूमर नाही असं होत नाही, पांढरं दह्यासारखं आलं तर केराटोसिस्ट या दुसऱ्या एका सिस्टचा विचार करतात (तिला डब्ल्यूएचओनं २००५ मध्ये ट्यूमर म्हटलं आणि २०१७ मध्ये परत सिस्टमध्ये बसवलं, म्हणजे तज्ज्ञांचीही ओढाताण आहेच!).

आता महत्त्वाचं. बायोप्सीत भिंतीचा छोटासा तुकडा जातो, तेवढ्यात नेमका ट्यूमरचा भाग हुकू शकतो. म्हणून रिपोर्ट सिस्टचा आला तरी ऑपरेशननंतर निघालेलं सगळं परत लॅबला गेलंच पाहिजे, हे आधीच बोलून घ्या. आणि अमेलोब्लास्टोमा निघालाच तर रिपोर्टमध्ये ‘म्युरल’ लिहिलंय का ते विचारा, म्हणजे ट्यूमर सिस्टच्या भिंतीत शिरलीये का. तसं असेल तर नुसतं खरवडून भागत नाही, आजूबाजूचं थोडं हाडही काढावं लागू शकतं. नंतर मात्र बरीच वर्षं ठरावीक काळानं ओपीजी काढायचा, कारण ही दहा वर्षांनीही डोकं वर काढू शकते, तेव्हा आत्ताचा फोटो आणि लॅबची स्लाइड जपून ठेवा.