घरच्या संग्रहासाठी, पाच-दहा वर्षं मुरवून प्यायच्या रेड वाइन कशा निवडाव्यात?

तुम्ही विचारलं आहे की पुण्यात फ्लॅट आहे, पन्नासेक बाटल्यांचं वाइन कॅबिनेट घ्यायचं चाललंय, आणि त्यात पाच-दहा वर्षं ठेवून मुरतील अशा उत्तम रेड वाइन कोणत्या भराव्यात. नावं पुढे देतोच. पण ती नावं का, हे आधी कळलं तर दुकानात यादीतली बाटली नसली तरी अडणार नाही.

बाजारातल्या बहुतेक रेड वाइन ठेवण्यासाठी केलेल्याच नसतात. दोन-तीन वर्षांत प्यायच्या त्या. ठेवल्या तर मुरत नाहीत, नुसत्या शिळ्या होतात. वाइन टिकते ती आम्ल, टॅनिन आणि फळाचा गाभा या तिन्हींच्या जोरावर. टॅनिन म्हणजे कडक कोऱ्या चहासारखा हिरड्यांना जाणवणारा तुरटपणा. वर्षं जातात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्याला चिकटत मोठे होतात, काही गाळ होऊन खाली बसतात, तुरटपणाची धार जाते. ताज्या फळाचा वास मागे सरतो आणि चामडं, तंबाखू, सुकं अंजीर, ओली माती असे वास पुढे येतात. आम्ल मात्र फारसं बदलत नाही. म्हणून सुरुवातीलाच आम्ल कमी असलेली वाइन टॅनिन मऊ झाल्यावर बसकण मारते. जिभेवर जॅमसारखी गोडसर, व्हॅनिलाच्या वासाने भरलेली, पंधरा टक्के अल्कोहोलची बाटली आज कितीही मोहक लागली तरी ती ठेवायच्या यादीत घेऊ नका.

घरच्या घरी चाचणी करता येते. चार-सहा बाटल्या घ्यायच्या मनात असेल तर आधी एकच आणा. अर्धी प्या, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या संध्याकाळी तासभर आधी बाहेर काढून पुन्हा चाखा. दुसऱ्या दिवशी ती पहिल्यापेक्षा खुललेली वाटली तर तिच्यात दम आहे. सपाट झाली असेल तर बाकीच्या घेऊ नका.

आता निवड. चाळीस बाटल्यांची जागा धरा (पन्नासच्या का नाही, ते पुढे येईल). माझ्या मते सर्वात मोठा वाटा, बारा बाटल्या, स्पेनच्या रिओखाला द्यावा. फ्रान्समधल्या बोर्दो प्रांताची नावं माहीत असलेल्यांना हे विचित्र वाटेल, पण नव्या संग्राहकाची मोठी अडचण म्हणजे पहिली पाच वर्षं कॅबिनेटमध्ये प्यायला तयार असं काहीच नसतं, आणि मग तो कच्च्या बाटल्या उघडत सुटतो. रिओखामध्ये मुरवण्याचा बराचसा भाग वाइनरीच उरकते. ‘रेसेर्वा’ किमान तीन वर्षं ठेवून मगच विकायला येते, त्यातलं निदान एक वर्ष ओकच्या पिंपात; ‘ग्रान रेसेर्वा’ किमान पाच वर्षं, त्यातली निदान दोन पिंपात. म्हणजे विकत घेतली त्याच दिवशी पिता येते आणि चांगल्या घराण्याची असेल तर पुढे दहा-पंधरा वर्षं टिकते. १८७७ पासूनच्या लोपेझ दे एरेदियाची ‘व्हिन्या तोन्दोनिया’ आणि ला रिओखा आल्ता यांची ‘व्हिन्या अर्दान्सा’ ही जुन्या शैलीची खात्रीची नावं. २०१० चा हंगाम (लेबलवरचं साल, म्हणजे द्राक्षं काढली ते वर्ष) उत्कृष्ट होता. २०१३ चा टाळला तरी चालेल.

बोर्दोला आठ बाटल्या. सर्वात जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी त्या वेळच्या बाजारभावावरून मुख्यतः बोर्दोतल्या मेदोक भागातल्या शातोंची (स्वतःचे मळे असलेल्या वाइनरींची) पाच पायऱ्यांची यादी केली. दुसऱ्या पायरीवरून पहिल्या पायरीवर चढलेला शातो आजवर एकच, १९७३ साली मूतों रोथशिल्ड. ही यादी शातोच्या नावाची आहे, जमिनीची नाही. मधल्या काळात अनेक शातोंनी जमिनी विकल्या, नव्या घेतल्या, तरी लेबलवरची पायरी तीच राहिली. त्यामुळे पाचव्या पायरीवरचा एखादा शातो तिसरीवरच्याला सहज मागे टाकतो. पहिल्या पायरीच्या बाटलीतली निम्मी किंमत नावाची असते. तुमच्या कॅबिनेटला तिची गरज नाही.

त्यापेक्षा मेदोकमधले ‘क्रू बुर्जुआ’, म्हणजे त्या यादीबाहेरच्या शातोंच्या वेगळ्या वर्गवारीतले, बघा. २०१८ च्या हंगामापासून त्यात साधा, ‘सुपेरियर’ आणि ‘एक्सेप्शनेल’ अशा तीन श्रेणी आहेत. वरच्या दोन श्रेणींतली बाटली चांगल्या हंगामाची असेल तर सहा ते बारा वर्षं आरामात चढत जाते. चांगले हंगाम म्हणजे २०१०, २०१६, २०१९. २०१३ घेऊच नका, त्या वर्षी द्राक्षं नीट पिकलीच नाहीत. एकूणच साध्या शातोची चांगल्या वर्षातली बाटली ही मोठ्या शातोच्या वाईट वर्षातल्या बाटलीपेक्षा ठेवायला जास्त योग्य. दुसरी सोय मोठ्या शातोंच्या ‘दुय्यम’ वाइनची: त्याच मळ्यातल्या तरुण वेलींची किंवा मुख्य वाइनसाठी न निवडलेल्या पिंपांची. त्या लवकर तयार होतात, साधारण सहा-सात वर्षांत.

बोर्दोतच नदीच्या उजव्या काठावर (मेदोक डाव्या काठावर येतं), सेंत-एमिलियोंमध्ये, एक फसवं लेबल आहे. ‘सेंत-एमिलियों ग्रां क्रू’ हे शब्द भारदस्त वाटतात, पण ते फक्त उत्पादनाच्या जरा कडक नियमांचं नाव आहे, गुणवत्तेची निवड नव्हे. निवड झालेल्या बाटलीवर शेवटी ‘क्लासे’ असतं. तो एक शब्द आहे की नाही एवढं बघा. शिवाय शेव्हाल ब्लां आणि ओझोनसारखे सर्वात मोठे शातो २०२२ च्या वर्गवारीतून स्वतःहून बाहेर पडले, तेव्हा ‘क्लासे’ नसणं म्हणजे दर वेळी कमीपणाही नाही. उजव्या काठावर मेर्लो द्राक्ष जास्त, डाव्या काठावर काबर्ने सोविन्यों द्राक्ष जास्त. दहा वर्षांचा हिशेब असेल तर डावा काठ घ्या.

सहा बाटल्या नेबियोलोच्या. इटलीतल्या पिएमोंतेचं हे द्राक्ष रंगाने फिकट, पण आम्ल आणि टॅनिन दोन्ही भरपूर, म्हणजे मुरवण्यासाठीच जन्मलेलं. त्याच्या दोन नामांकित वाइन बारोलो आणि बार्बारेस्को. बारोलो कायद्याने किमान ३८ महिने मुरवूनच विकता येते, त्यातले १८ लाकडात. बार्बारेस्को २६ महिने. तरीही बाहेर आल्या आल्या बारोलो उघडली तर तोंड आवळून येतं. चांगल्या वर्षाची बारोलो हंगामापासून दहा वर्षांच्या आत उघडू नका. गावाचं नाव बघा: सेर्रालुंगाची वाइन कडक आणि दीर्घायुषी, ला मोर्राची सुगंधी आणि लवकर मऊ होणारी. पैशाच्या मानाने सर्वात चांगली निवड म्हणजे १९५८ साली स्थापन झालेली ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था. सहकारी म्हटल्यावर नाक मुरडू नका; चांगल्या वर्षी ही संस्था नऊ वेगवेगळ्या मळ्यांच्या ‘रिझेर्वा’ स्वतंत्र बाटल्यांत काढते. हंगाम २०१६ मिळाला तर विचार करू नका. २०१३ आणि २०१० सुद्धा उत्तम.

ऑस्ट्रेलियाला सहा. कूनावाराच्या लाल मातीतलं काबर्ने किंवा बरोसाचं शिराझ. विन्सचं ‘ब्लॅक लेबल’ काबर्ने १९५४ पासून निघतं आणि स्वतःच्या किमतीच्या मानाने फार टिकतं. पेनफोल्ड्सचं ‘बिन ३८९’ (काबर्ने-शिराझ) महाग, पण दहा वर्षांचा भरवसा. अनेक ऑस्ट्रेलियन रेडना फिरकीचं झाकण असतं. त्याला हलकं समजू नका, उलट बूच खराब निघण्याची धास्ती राहत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया करारामुळे १५ अमेरिकी डॉलरपेक्षा जास्त आयातमूल्याच्या बाटलीवरचं शुल्क १५० वरून ७५ टक्क्यांवर आलं आणि पुढे टप्प्याटप्प्याने २५ पर्यंत उतरणार आहे, त्यामुळे सगळी ऑस्ट्रेलियन खरेदी एकदम करू नका.

फ्रान्सचीच बर्गंडी मी मुद्दाम वगळली. तिथल्या पिनो न्वार द्राक्षाच्या वाइनमध्ये मळ्यापेक्षा बनवणाऱ्याचं नाव महत्त्वाचं असतं: ‘क्लो द वूजो’ हा जेमतेम पन्नास हेक्टरचा एकच मळा सुमारे ऐंशी मालकांत वाटलेला आहे आणि लेबलवर मळ्याचं नाव सगळ्यांचं सारखंच. जेव्रे गावाने तर १८४७ साली शांबेर्तां या नामांकित मळ्याचं नाव स्वतःला जोडून घेतलं, त्यामुळे ‘जेव्रे-शांबेर्तां’ ही गावाची वाइन असते, ‘शांबेर्तां’ ही ग्रां क्रू, म्हणजे बर्गंडीतल्या सर्वोच्च पायरीच्या मळ्याची. हे सगळं अंगवळणी पडेपर्यंत तिकडे पैसे घालू नका.

आपल्याकडच्या तीन बाटल्या ठेवा, अकलूजच्या फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ (सांजोवेझे आणि काबर्ने) त्यासाठी बरी. आपल्याकडे द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. शेवटच्या आठवड्यांत ऊन वाढत जातं, साखर भराभर चढते आणि आम्ल उतरतं. म्हणून नाशिक-सोलापूरकडच्या बहुतेक रेड चार-पाच वर्षांत संपवाव्यात. सेत्तेची एक तिसऱ्या वर्षी, एक पाचव्या, एक सातव्या वर्षी उघडून स्वतःच ठरवा.

झाल्या पस्तीस. उरलेल्या पाच जागा रिकाम्या असू द्या, नाहीतर अचानक चांगलं काही मिळालं की बाटली ओट्याखाली जाते. आणि एकेका वाइनच्या किमान तीन बाटल्या घ्या. चाळीस प्रकारांची एकेक बाटली दिसायला हौशी, पण कोणती कधी तयार होते हे त्यातून कधीच कळत नाही. पहिली लवकर उघडायची, तिच्यावरून दुसरीची वेळ ठरवायची.

कॅबिनेट घेण्याआधी परवाना बघा. महाराष्ट्रात मद्य बाळगण्याचा परवाना व्यक्तीच्या नावावर असतो आणि जवळ किती ठेवता येईल याला मर्यादा असते. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून सध्याची मर्यादा विचारून त्यावरून बाटल्यांची संख्या ठरवा. परदेशातून येताना दोन लिटरपर्यंत शुल्क नाही, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या. तिसरीने सव्वादोन लिटर होतात.

कॅबिनेट कॉम्प्रेसरचंच हवं. थर्मोइलेक्ट्रिक प्रकार स्वस्त आणि शांत असतो, पण बाहेरच्यापेक्षा साधारण पंधरा अंशच खाली जातो. मे महिन्यात खोली ३८ वर गेली की आत २३. हवं १२ ते १४, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते स्थिर हवं. तापमान वरखाली होत राहिलं की वाइन फुगते, आकसते, बूच थोडं थोडं सरकतं आणि हवा आत जाते. कंपनी सांगते तो बाटल्यांचा आकडा सडपातळ बोर्दो बाटल्यांचा असतो; रुंद बाटल्या आल्या की पन्नासच्या कॅबिनेटमध्ये चाळीस राहतात. मागे आणि बाजूंना हवा खेळायला जागा सोडा, पश्चिमेची भिंत टाळा. भरलेलं कॅबिनेट दार न उघडता काही तास वीज नसली तरी फारसं तापत नाही. साधा फ्रिज मात्र वर्षानुवर्षांसाठी नको: फार थंड, आणि इतका कोरडा की बूच सुकतं. पावसाळ्यात उलटा त्रास होतो, लेबलांना बुरशी येते. दमट घर असेल तर बाटलीभोवती स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म एकदा गुंडाळा. बुचाच्या बाटल्या आडव्याच ठेवा.

बाटली दुकानात कशी राहिली हे तिच्याकडे बघून बरंच कळतं. बूच बाटलीच्या काठाच्या वर आलेलं असेल किंवा आवरणाखाली चिकट ओघळ असेल तर ती उन्हाळ्यात तापली आहे. दहा वर्षांच्या आतली बाटली उजेडात धरली तर वाइन मानेत दिसली पाहिजे, खांद्यापर्यंत उतरलेली नको. मागच्या लेबलवर आयातीचा महिना असतो. तीन उन्हाळे ट्यूबलाइटखाली उभी राहिलेली बाटली कितीही सवलतीत नको. रात्री एसी बंद करणाऱ्या दुकानातून ठेवायच्या बाटल्या घेऊच नका, आयातदाराच्या थंड गोदामातून मागवून घ्या.

उघडताना: गाळ बसावा म्हणून जुनी बाटली एक-दोन दिवस आधी उभी करा. पंधरा वर्षांपुढचं बूच स्क्रूने तुटतं, त्यासाठी दोन पात्यांचा बूचकाढा मिळतो. ओतताना मानेखाली टॉर्च धरा, गाळ मानेशी आला की थांबा. तरुण बारोलोला डिकँटरमध्ये (हवा लागावी म्हणून वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात) दोन-तीन तास द्या. वीस वर्षांची रिओखा मात्र उघडून लगेच ग्लासात घ्या, तासाभरात तिचा वास विरतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ते बुचातलं दूषण आहे. अपाय काही नाही, पण हवा दिल्याने ते जात नाही, तेव्हा वाट न बघता दुसरी बाटली उघडा.