परवाना असूनही नौका जप्त झाली, आता काय?

प्रश्न : मालवणात माझी आउटबोर्ड इंजिनाची छोटी नौका आहे. मासेमारी परवाना चालू आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ जाळं ओढताना वनखात्याने नौका, इंजिन आणि जाळी जप्त केली. नौकेत बांगडे आणि थोडी सुरमई होती. ‘अभयारण्यात शिकार केलीस, नौका सरकारजमा झाली, सही करून मोकळा हो,’ असं सांगतात. काय करू?

उत्तर : वकिलाने वाचेपर्यंत कसल्याही कागदावर सही करू नका. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण वनाधिकारी म्हणजे पोलीस नव्हेत. त्यांच्यापुढे दिलेला जबाब तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो.

परवान्याच्या भरवशावर मात्र राहू नका. तो १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली मत्स्यव्यवसाय खात्याने दिलेला. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, आणि तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. त्यातही किल्ल्याभोवतीचा गाभा, सुमारे ३.१८ चौरस किलोमीटर, सर्वांत कडक. एका खात्याचा परवाना दुसऱ्या कायद्यापुढे ढाल होत नाही. मच्छीमारांना हे पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं मला वाटत नाही. सागरी अभयारण्याची हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपावं, असं याच वन्यजीव कायद्याचं कलम २६-अ सांगतं. पण तो लढा वेगळा, तुमची नौका वेगळी.

खरी मेख ‘शिकार’ या आरोपात आहे. अभयारण्यातल्या शिकारीला किमान ३ वर्षं कैद आहे. पण कायद्यात शिकार ‘वन्य प्राण्या’ची होते, म्हणजे अनुसूचीत (कायद्याला जोडलेल्या यादीत) नाव असलेल्या प्राण्याची. बांगडा, सुरमई तिथे नाहीत. त्यामुळे तुमच्यावर फार तर कलम २९ लागू शकतं, अभयारण्यातलं वन्यजीवन परवानगीविना काढून नेण्याचं. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. किमान शिक्षा नाही. म्हणून पंचनाम्याची प्रत आधी मागा आणि मासळीची यादी नीट वाचा. त्यात कासव किंवा समुद्री काकडी लिहिलेली निघाली, तर चित्रच पालटतं.

जागाही तपासा. पंचनाम्यात अक्षांश-रेखांश आहेत का? तुमच्या जीपीएसमधला मार्ग पुसू नका, त्याची प्रत काढून ठेवा. अभयारण्यातून नुसती निरुपद्रवी ये-जा करण्याचा हक्क कायद्याने शाबूत ठेवला आहे. तुम्ही जाळं ओढत होता, त्यामुळे हा मुद्दा तुम्हाला फारसा उपयोगी नाही. हद्दीचा मुद्दा मात्र उपयोगी पडू शकतो.

‘नौका सरकारजमा’ हे खात्याने म्हटलं म्हणून होत नाही. गुन्ह्यात वापरल्याचं कोर्टात ठरावं लागतं. मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं आहे, की खटला चालू असताना वाहन तात्पुरतं सोडण्याचा मॅजिस्ट्रेटचा अधिकार वन्यजीव कायद्याने हिरावलेला नाही. तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली (प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे त्यानुसार) सुपूर्दनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर) नौका मिळावी, असा अर्ज लगेच करा. नौकेची नोंदणी, परवाना, विमा, इंजिनाची पावती जोडा. लाकूड आणि इंजिन उघड्यावर खराब होतं, घर त्यावर चालतं, हे स्पष्ट लिहा.

तडजोडीचा, म्हणजे खात्याकडे रक्कम भरून प्रकरण मिटवण्याचा मार्गही आहे, पण किमान शिक्षेच्या गुन्ह्यात तडजोड होत नाही. म्हणून आधी ‘शिकार’ हा शब्द कागदावरून काढायला लावा, मगच रकमेची बोलणी करा.