मणक्याच्या रुग्णांवर काम करायचं तर फिजिओथेरपिस्टने बीपीटीनंतर (म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीनंतर) कोणता कोर्स करावा?

कोर्स नंतर. आधी अशी ओपीडी शोधा जिथे कुणीतरी तुमच्यादेखत मणक्याचा रुग्ण तपासतं, मग तुम्हाला तपासायला लावतं आणि चुकलं तर तिथल्या तिथे सांगतं.

तुम्ही विचारलंय की बीपीटी होऊन दोन वर्षं झाली, आता मॅकेन्झी, मेटलँड, मलिगन (हालचालींनी आणि हाताने उपचार करायच्या पद्धती), ड्राय नीडलिंग (स्नायूत सुया टोचणं), कपिंग (कातडीवर कप लावून ओढणं) असे शनिवार-रविवारचे कोर्स करत जावेत की सरळ एमपीटी, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करावं, आणि 'स्पाइन स्पेशालिस्ट' म्हणून नाव कशाने होईल. ही यादी मी पूर्वी फार जवळून पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सांगलीकडे प्रॅक्टिस करते. सुरुवातीला बॅचमधल्याच एका मित्राबरोबर भागीदारीत क्लिनिक होतं. पुण्या-मुंबईत नवीन तंत्राचा कोर्स लागला की तो निघालाच. सोमवारी सकाळी नवं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर, आणि ते तंत्र त्या दिवशीच्या प्रत्येक रुग्णावर. टेप शिकून आला की सगळ्यांना टेप, सुया शिकून आला की सगळ्यांना सुया. त्याचा हात चांगला होता, ते मी नाकारत नाही. पण मणका तपासणं म्हणजे त्याच्या लेखी एमआरआयच्या रिपोर्टचा शेवटचा परिच्छेद वाचणं. रिफ्लेक्स हॅमर, म्हणजे नसांचा प्रतिसाद तपासायची छोटी हातोडी, ड्रॉवरमध्ये इलेक्ट्रोडच्या वायरींखाली पडलेला असायचा.

एकदा तो असाच कोर्सला गेलेला असताना त्याची एक रुग्ण माझ्याकडे आली. तासगावकडची, द्राक्षबागेत कामाला जाणारी, पन्नाशीतली बाई. तक्रार दोन ओळींची: मान आखडते, गुडघ्यात जोर नाही. मानेच्या एक्स-रेवर स्पाँडिलोसिस, म्हणजे मणक्यांची झीज, गुडघ्याच्या एक्स-रेवर झीज. मानेला वजन लावणं, म्हणजे ट्रॅक्शन, आणि मांडीचे व्यायाम असं चालू होतं. बाई बाकावरून उठून कॉटकडे निघाल्या आणि उजव्या पायातली चप्पल वाटेतच राहिली. त्या तशाच एका चपलेवर पुढे चालत आल्या. मी दाखवलं तेव्हा खाली बघून म्हणाल्या, "कवा गळली, कळलंच न्हाई बघा." बरोबर सून होती. ती म्हणाली, "आत्याबाईंची चप्पल रोजच कुठंतरी राहती. कपबशी पण हातातनं सुटती. ब्लाउजचे हूक मीच लावते आता."

हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं, कारण फाइलवर 'गुडघेदुखी' लिहिलं होतं.

मी हॅमर काढला. गुडघ्यावर हलकेच टिचकी मारावी तसा मारला तरी पाय उसळला. मधल्या बोटाचं नख खाली दाबून सोडलं तर अंगठा आपोआप आत वळला; हाच हॉफमन, मानेत मज्जारज्जू दबल्याचा संशय आणणारी खूण. टाचेला बोट लावून सरळ रेषेत चाला म्हटलं तर दोन पावलांत त्यांनी भिंत धरली. मूठ उघडझाप करायला लावली. धडधाकट माणूस दहा सेकंदांत २० वेळा सहज करतो; यांची बोटं अर्ध्यातच अडकायला लागली, पूर्ण उघडेनात. चार तपासण्या, मशीन एकही नाही. गुडघे झिजले होते हे खरंच, पण जोर गेला होता तो मानेत कॉर्ड, म्हणजे मज्जारज्जू, दाबली गेल्यामुळे. अशा मानेला ट्रॅक्शन लावायचं नसतं आणि झटका तर अजिबात द्यायचा नसतो. मी ट्रॅक्शन बंद केलं, दिसलं ते सगळं एका पत्रात लिहिलं आणि त्यांना मिरजेला स्पाइन सर्जनकडे पाठवलं. एमआरआयमध्ये कॉर्डवरचा दाब स्पष्ट दिसला आणि ऑपरेशन झालं.

भागीदार परत आला आणि भांडण झालं. "तू फिजिओ आहेस, न्यूरोसर्जन नाहीस. हॉफमन बघणं आपलं काम नाही. असे पेशंट बाहेर पाठवत बसलीस तर क्लिनिकला कुलूप लावावं लागेल."

मी तेव्हाही म्हटलं होतं, आताही म्हणते: हे आपलंच काम आहे. मान आणि कंबर दुखणारा माणूस सर्जनच्या आधी आपल्याकडे येतो आणि आठवडेच्या आठवडे येत राहतो. त्याला चालताना, चपला घालताना, शर्ट काढताना आपल्याइतकं कुणीच पाहत नाही. मानेत कॉर्ड दबण्याच्या या आजारावर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लक्षणं सुरू होण्यापासून निदान होईपर्यंत सरासरी दोन वर्षांहून जास्त काळ गेलेला दिसला. त्या दोन वर्षांत रुग्ण कुणाच्या तरी टेबलावर झोपलेला असतोच ना? कॉर्ड दबून बराच काळ गेला की ऑपरेशन उत्तम होऊनही गेलेलं सगळं परत येत नाही. सोमवारच्या नव्या तंत्रापेक्षा त्या टेबलाशी कोण उभं आहे याने जास्त फरक पडतो.

मी हे कोर्समध्ये शिकले नाही. मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलात इंटर्नशिप करताना तिथल्या ऑर्थोच्या सरांनी मला मणक्याच्या ओपीडीत उभं राहू दिलं. त्यांचा नियम एकच होता, एक्स-रे किंवा एमआरआयची फिल्म पालथी ठेवायची. "आधी तू सांग, कुठली नस?" मग पायाचा अंगठा वर उचलायची ताकद बघायची, ती कंबरेतली एल५ नस. एका पायावर चवड्यांवर पुन्हा पुन्हा उठवायचं, ती तिच्या खालची एस१. एकदा उठता आलं म्हणजे ठीक, असं म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. दमेपर्यंत उठवा म्हणायचे, कमजोरी तिथे दिसते. मी नस आणि बाजू सांगितल्यावरच ते फिल्म उजेडात धरायचे. त्या ओपीडीचं सर्टिफिकेट कुणी देत नाही, आणि माझ्या लेखी मणक्याचं माझं खरं शिक्षण तेच.

फिल्म पालथी ठेवण्याचं कारण आकड्यांतही आहे. कसलाही त्रास नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला गेला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. रिपोर्ट वाचून उपचार करायचे तर निम्मं गाव कॉटवर झोपवावं लागेल.

आता तुमची यादी. त्यातलं मॅकेन्झी आधी करा. १९५६ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनमध्ये फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झींचा एक रुग्ण, डोक्याकडची बाजू वर उचलून ठेवलेल्या टेबलावर चुकून तसाच पालथा झोपला आणि त्याची पायातली कळ गेली, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते मॅकेन्झींचं बघणं. कळ पायातून कंबरेकडे सरकते की उलट खाली उतरते हे पाहून पुढचं ठरवायचं, ही शिस्त त्या पद्धतीत आहे. ए ते डी असे भाग, मग परीक्षा, अशी त्याची रचना आहे. पण दोन भागांच्या मध्ये भरपूर रुग्ण बघा, नाहीतर चारही भाग सलग करून हातात फक्त नोट्स उरतात. मेटलँड हाताला जोर मोजायला शिकवतं, त्यामुळे दुसरं ते. मलिगन सोपं आहे, सवडीने करा. ड्राय नीडलिंग आणि कपिंगमुळे कुणी मणक्याचा तज्ज्ञ होत नाही. ते करून पाटीवर 'स्पाइन स्पेशालिस्ट' लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं.

एक गोष्ट यातला कुठलाच कोर्स तुम्हाला पुरेशी शिकवणार नाही, ती म्हणजे मणक्याचा क्षय. या पद्धती जिथे घडल्या त्या देशांत तो क्वचित दिसतो, आपल्याकडे मात्र आहेच. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळची कणकण, उतरलेलं वजन, आणि पाठीच्या एकाच मणक्यावर बोटाने ठोकल्यावर दचकणारा रुग्ण दिसला तर शेक आणि मसाज बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी पाठवा. पाठीला आलेलं लहानसं टेंगूळ नुसत्या डोळ्यांपेक्षा तळव्याला आधी कळतं, म्हणून प्रत्येक पाठीवरून हात फिरवत जा, कपड्यांवरून नाही.

सर्जनांचं बघा. ऑर्थोत एमएस झाल्यावरही मणक्याच्या शस्त्रक्रियेची एफएनबी ही फेलोशिप दोन वर्षांची असते, आणि स्क्रू बसवायच्या पेडिकलच्या (मणक्याच्या हाडाच्या खांबाच्या) भिंती सळईसारख्या प्रोबने चाचपताना शेजारी वरिष्ठ उभा असतो. आपण मात्र दोन दिवसांत एकमेकांच्या निरोगी पाठींवर सराव करून घरी येतो. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणी टिकवायला पाच वर्षांत प्रशिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट लागतात, पण तिथेही हजेरीच मोजली जाते, हात कुणी तपासत नाही.

एमपीटीचं राहिलंच. कॉलेजात शिकवायचं असेल तर ते लागेल, त्याला पर्याय नाही. करायचं ठरवलंत तर मस्क्युलोस्केलेटल, म्हणजे हाडं-स्नायूंचा विषय, घ्या आणि कॉलेज निवडताना तिथे मणक्याची ओपीडी रोज चालते का, तेवढं विचारा. आणि मी मॅकेन्झीचे भाग केलेले असल्याने माझा कल त्या बाजूला आहे, हे लक्षात घेऊन वाचा.

माझा भागीदार म्हणायचा की पाठवलेला पेशंट परत येत नाही. त्या बाई ऑपरेशननंतर तोल आणि हाताच्या व्यायामांसाठी माझ्याकडेच आल्या. हूक स्वतः लावायला लागल्या. अंधारात चालताना मात्र अजून भिंत धरावी लागते. ते सर्जन तेव्हापासून माझ्याकडे रुग्ण पाठवतात आणि पत्राला उत्तरही लिहितात. त्यांच्या उत्तरातून मला कळतं की माझं कुठे बरोबर होतं आणि कुठे नाही.

तुम्ही गाव लिहिलेलं नाही. जवळच्या मेडिकल कॉलेजात ऑर्थो विभागप्रमुखांना जाऊन भेटा, आठवड्यातून एक सकाळ ओपीडीत उभं राहू द्या म्हणा. पगार मागू नका, स्वतःचा हॅमर घेऊन जा. पहिल्यांदा बहुतेक नाही म्हणतील. महिनाभराने पुन्हा जा.