बर्फामुळे बहिणीचं लग्न चुकलं, आता तिकीट काढायलाच हात धजत नाही

परदेशात राहणाऱ्या मुलांकडून हिवाळ्यानंतर हमखास ऐकू येणारी खंत म्हणजे, "घरचं कार्य होतं, विमान रद्द झालं, पोहोचलो नाही. चूक माझीच." डॅलसजवळ राहणाऱ्या, मूळच्या नाशिकच्या एका तरुणाचं हेच झालं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

लग्नाआधी दोन दिवस हातात राहतील अशा बेताने त्याने ३१ जानेवारी २०२३ चं तिकीट काढलं होतं. त्याच आठवड्यात उत्तर टेक्सासवर गोठणारा पाऊस सलग पडत राहिला आणि डॅलसहून निघणारं पहिलंच विमान रद्द झालं. तो घरी पोहोचला तेव्हा मांडव उतरला होता. लाजाहोमाच्या लाह्या चुलतभावाने दिल्या, कानपिळीही त्यानेच केली. वडील फोनवर एवढंच म्हणाले, "बाकी सगळे आले, तुलाच जमलं नाही."

पुढे वडिलांची एकसष्टी जानेवारीत ठरली. तिकिटाचं पान उघडायचं आणि बंद करायचं, रात्रीतून अनेकदा हवामान बघायचं, असं सुरू झालं. समुपदेशनात बोलता बोलता फेब्रुवारी २०२१ चं हिमवादळ निघालं. त्या वादळात डॅलसचा पारा उणे १९ अंशांपर्यंत उतरला होता, वीज गेली होती आणि घरात तान्हं बाळ होतं. थंडीची धास्ती लग्नाच्याही आधीची होती.

सुरुवात कागदावर दोन रकान्यांनी केली. तिकीट काढताना काय माहीत होतं ते डावीकडे, नंतर काय कळलं ते उजवीकडे. गोठणाऱ्या पावसात वरची हवा शून्याच्या वर असते आणि जमिनीलगतची खाली, त्यामुळे थेंब पडल्या जागी काच होतो. पाऊस पडणार की काच, हे एक-दोन अंशांवर ठरतं, म्हणून महिनाभर आधी ते कुणालाच सांगता येत नाही. "मी आधीच निघायला हवं होतं" हे वाक्य पूर्णपणे उजव्या रकान्यातलं आहे, हे त्याचं त्यालाच दिसलं. अपराधीपणा ओसरला तसं खरं दुःख वर आलं. बहिणीच्या लग्नात आपण नव्हतो, आणि तो दिवस परत येणार नाही. ते दुःख समजावून घालवायचं नसतं, त्याला जागा द्यायची असते.

वडिलांशी बोलताना तो दर वेळी विमानतळाची हकीकत सांगायचा. त्यांना ती सबब वाटायची. त्याला सुचवलं की या वेळी कारण सांगूच नका. "बाबा, मी नव्हतो तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?" एवढं विचारा आणि पाच मिनिटं मधे बोलू नका. हा फोन अवघड गेला, पण दोघांमधली अढी सुटली ती इथेच.

बायको धीर द्यायची, "काही होणार नाही." त्याने तासभर बरं वाटायचं, मग पुन्हा तोच प्रश्न, कारण अशी हमी कुणालाच देता येत नाही. तिने वाक्य बदललं: "बर्फ पडलाच तर काय करायचं ते आपलं ठरलंय." हवामान बघायचं ते प्रवासाच्या तीन दिवस आधीपासून, सकाळी आणि संध्याकाळी, झोपायच्या खोलीबाहेर. मधे हुरहुर वाटली तर ती वहीत लिहून संध्याकाळच्या १५ मिनिटांसाठी ठेवायची. पहिल्या आठवड्यात चिंता वाढू शकते. इथेच बरेच जण सोडून देतात, म्हणून हे आधीच सांगावं लागतं. झोप दोन आठवडे उडालेली असेल किंवा छातीत वारंवार धडधडत असेल, तर डॉक्टरांना दाखवणं पुढे ढकलू नये.

मग ठरलेलं म्हणजे नेमकं काय, ते लिहून काढलं. डिसेंबर ते फेब्रुवारीत कार्याच्या किमान पाच दिवस आधी पोहोचायचं. सगळा प्रवास एकाच तिकिटावर, म्हणजे पहिलं विमान चुकलं तर पुढची सोय कंपनीकडे राहते. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण एक विमान रद्द झालं की दुसऱ्याचे पैसे बुडू शकतात. विमान बदलताना मधे तीन तास तरी हवेत. औषधं, कागदपत्रं, दागिने आणि कार्याचे कपडे हातातल्या बॅगेत. वादळाचा इशारा आला की विमान कंपन्या बहुधा तारीख फुकट बदलून देतात. ती सवलत जाहीर होताच घ्यायची, रद्द होण्याची वाट बघायची नाही. अमेरिकेत विमान रद्द झालं आणि पर्यायी विमान नको असेल, तर कारण हवामानाचं असलं तरी पूर्ण पैसे परत मिळतात. मात्र अशा वेळी हॉटेल-जेवणाचा खर्च देणं कंपनीवर बंधनकारक नाही, तो आपल्या हिशेबात धरायचा.

घराची काळजीही यादीत आली. हीटर १३ अंशांच्या खाली न्यायचा नाही, पाण्याचा मुख्य कॉक बंद करायचा, किल्ली शेजाऱ्यांकडे.

शेवटी एक साधा प्रश्न उरला होता: एकसष्टी जानेवारीतच हवी का? दोन वर्षं तो कुणी विचारलाच नव्हता. वडिलांनी गुरुजींना विचारून एकसष्टीची शांत मार्चवर नेली.