पहिला सबवूफर बॉक्स: बाहेरचं माप आणि आतली हवा

तुम्ही लिहिलंय की करवत कधी हातात धरलेली नाही, हॅचबॅकच्या डिकीसाठी १२ इंची सबचा (सबवूफर, म्हणजे खोल बासचा स्पीकर) पोर्टवाला (हवा आतबाहेर व्हायला पाईप असलेला) बॉक्स स्वतः करायचाय, आणि विचारलंय की एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) घ्यावं की प्लाय, स्क्रू कुठले वापरावेत. त्यावर सांगणारे बरेच भेटतील. मला धस्स झालं ते तुमच्या तिसऱ्या ओळीने: "डिकीत ५५ × ३६ × ३० सेंमी बसतंय, म्हणजे ५९ लिटर. मला ५० हवेत, तेव्हा ९ शिल्लकच आहेत."

शिल्लक नाहीत. हे गणित मी सात वर्षांपूर्वी वहीत मांडलं होतं, आणि त्यात माझा एक सब आणि एका अ‍ॅम्पचे (सबला ताकद देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचे) पैसे गेले. म्हणून हे लांबण लावतेय. पाया (सब म्हणजे काय, अ‍ॅम्प कशाला लागतो) तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

माझं माप होतं ५० × ३५ × २९. गुणाकार ५०.७५. सबच्या माहितीपत्रकात लिहिलेलं: पोर्टवाल्या बॉक्ससाठी ५० लिटर, ट्यूनिंग (ज्या सुराला पोर्ट सगळ्यात जास्त घुमतो तो) ३५ हर्ट्झ. मला वाटलं, जमलं. त्या ५० लिटरवर पाईपची लांबी काढली, चार इंची पीव्हीसी पाईप, साधारण ३२ सेंमी, आत मावेना म्हणून एल्बो लावून वळवलेला. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १८ मिमीचं एमडीएफ कापून आणलं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन रविवार घालवले. सांधे सुरेख आले. करड्या कार्पेटमध्ये तो बॉक्स इतका देखणा दिसत होता की शेजारचे काका फोटो काढून घेऊन गेले.

मग गाणं लावलं. मी तेव्हा ढोल पथकात वाजवायचे, त्यामुळे पहिलं लावलं ते आमच्याच सरावाचं रेकॉर्डिंग. थाप कशी ऐकू यायला हवी हे माझ्या हातांना माहीत होतं. डिकीतून आलं ते नुसतं घूंऽऽ. हाताची थाप कुठे, टिपरू (काठीचा ठोका) कुठे, काही कळेना. प्रत्येक ठोक्याला तोच एक सूर. तबल्याच्या बायाँची मींडही तशीच, एका ठिकाणी फुगायची आणि खाली गेली की गायब.

सब जिथून घेतला त्या दुकानात गेले. नाव लिहीत नाही. त्यांनी डिकी उघडून बघितली नाही, बॉक्सचं माप विचारलं नाही. दोन मिनिटांत निदान: "मॅडम, अ‍ॅम्प कमी पडतोय." मी दुप्पट ताकदीचा अ‍ॅम्प घेतला. घूं आणखी मोठा झाला, एवढंच. तिसऱ्या आठवड्यात कात्रजच्या बोगद्यापाशी मागून खर्र खर्र सुरू झालं, घरी येईपर्यंत जळका वास. सबची कॉइल (आतली तारेची गुंडाळी) गेली होती. वॉरंटीसाठी तोच सब घेऊन त्याच काउंटरवर गेले, तर उत्तर मिळालं की तुम्ही क्षमतेपेक्षा मोठा अ‍ॅम्प लावलात, त्यामुळे वॉरंटी नाही. तो अ‍ॅम्प याच काउंटरवरून विकला होता. बिल दाखवलं. "तो वेगळा विभाग." अजून लिहिताना हात थरथरतो. पैशांपेक्षा मला हे लागलं की कोणी एकदाही विचारलं नाही, बाई, त्या बॉक्समध्ये हवा किती आहे?

विचारलं ते मांडववाल्यांचे स्पीकर बॉक्स बनवणाऱ्या एका सुतारकाकांनी. त्यांनी सब काढला, भोकातून आत टेप घातली आणि म्हणाले, "पोरी, हे पन्नास नाही. चुरमुरे आण." पोर्टचं तोंड चिकटपट्टीने बंद करून आम्ही लिटरच्या मापाने बॉक्स चुरमुऱ्यांनी काठोकाठ भरला. सब बसल्यावर त्याची टोपली (मागची धातूची चौकट) आणि चुंबक जी जागा खातात, ते तीन लिटर वजा केले. उरले २७.

कुठे गेले बाकीचे? १८ मिमीचा बोर्ड दोन्ही बाजूंना, म्हणजे प्रत्येक मापातून ३६ मिमी वजा. आतलं माप ४६.४ × ३१.४ × २५.४, म्हणजे ३७ लिटर. सबसाठी पुढची फळी दुहेरी केली होती, राहिले ३४. सबचे तीन, पाईपचे तीन (त्याच्या आतली हवा पोर्टची असते, बॉक्सची नाही), कोपऱ्यांतल्या पट्ट्यांचा दीड. झाले २७.

पोर्टवाल्या बॉक्समध्ये ही चूक फार महागात पडते. पाईप तोच ठेवून आतली हवा कमी झाली की ट्यूनिंग वर सरकतं, हवेच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने. ५० च्या जागी २७, म्हणजे १.३६ पट: ३५ चे जवळपास ४८ हर्ट्झ. ४८ च्या आसपास सगळं फुगतं, तोच तो घूं. त्याच्या खाली तर पोर्टमधली हवा कोनला (सबच्या पुढेमागे हलणाऱ्या पडद्याला) धरूनच ठेवत नाही, कोन मोकाट पुढेमागे पळतो, आवाज मात्र येत नाही. अशा वेळी मोठा अ‍ॅम्प लावणं म्हणजे कॉइल मारायला घेणं. माझी तशीच मेली.

आता तुमचं. आत ५१.४ × ३२.४ × २६.४ म्हणजे ४४ लिटर. पुढची फळी दुहेरी केली तर ४१. सब, पाईप, पट्ट्या काढून ३३-३४. तुम्हाला हवेत ५०.

माझं मत, आणि ते मतच समजा: पहिला बॉक्स बंद करा, पोर्ट नको. बंद बॉक्समध्ये चार-पाच लिटर इकडेतिकडे झाले तरी आवाज थोडा बदलतो, सब मरत नाही. आतली हवाच कोनची स्प्रिंग होते. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर या अमेरिकी स्पीकर-संशोधकाने याच तत्त्वावर लहान खोक्यातून खोल बास काढून दाखवला होता. पण प्रत्येक सबला हे मानवतं असं नाही. माहितीपत्रकात एफएस (सब स्वतःहून ज्या कंप्रतेला हलतो ती) आणि क्यूईएस (कॉइल-चुंबक त्या हलण्याला किती आवरतात याचा आकडा) हे आकडे बघा. पहिल्याला दुसऱ्याने भागून उत्तर ५० च्या खाली आलं तर सब बंद बॉक्सकडे झुकतो, १०० च्या आसपास आलं तर पोर्टकडे. हा ठोकताळा आहे, नियम नाही. मी नव्या सबसाठी तोच बॉक्स वापरला. पाईप काढून भोकावर प्लायची चकती बसवली, आणि त्या दिवशी थाप आणि टिपरू पहिल्यांदा वेगळे ऐकू आले. गाडीतच रडले मी.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं आता पटकन. एमडीएफ सपाट आणि कापायला सोपं, पण जड (आठ बाय चारची १८ मिमीची शीट चाळीस किलोच्या आसपास) आणि पाणी लागलं की फुगतं. पुण्याच्या पावसाळ्यात ओल्या छत्र्या डिकीत पडतात, म्हणून मी पुढच्या वेळी प्लायच घेईन. एमडीएफच घेतलंत तर कापताना मास्क लावा, त्या भुशात रेझिन असतं. हाताने कापू नका. दुकानातच पॅनल सॉवर कापून घ्या आणि गुण्या सोबत न्या, तिथेच कोपरे तपासा. कोणती फळी कोणावर बसणार हे कागदावर ठरवून जा. माझ्या बॉक्सचं उदाहरण: पुढची-मागची ५० × ३५, वरची-खालची ५० × २५.४, बाजूच्या ३१.४ × २५.४. पात्याची जाडी तीनेक मिमी धरा, नाहीतर शेवटची फळी आखूड येते. सांधा फेव्हिकॉल धरतो, स्क्रू फक्त तो वाळेपर्यंत दाबतो, तेव्हा दर १५ सेंमीला ४० मिमीचा स्क्रू पुरे. पण आधी बारीक भोक पाडा, एमडीएफची कड बघताबघता फाटते. आत सगळ्या सांध्यांना सिलिकॉन लावा, आणि तो आंबट वास पूर्ण जाईपर्यंत सब बसवू नका. हवा गळते का बघायला बास चालू ठेवून सांध्यांवरून उदबत्ती फिरवा, धूर हलला की कळतं. चुरमुऱ्यांनी मोजलंत तर नंतर ब्रशने झाडून काढा, मुंग्या येतात.

गाडीबद्दल मी मेकॅनिक नाही, तेव्हा हे विचारून घ्या. पण बॉक्स डिकीच्या तळाला स्क्रूने ठोकू नका. खाली काय आहे ते दिसत नाही, बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते. सीएनजीचं सिलिंडर डिकीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला दाखवल्याशिवाय काहीच करू नका. बॅटरीची तार ओढाल तेव्हा फ्यूज बॅटरीजवळ, फूट-दीड फुटाच्या आत. आणि बॉक्स पट्ट्यांनी बांधा, तारांना सुटणारं कनेक्टर लावा. स्टेपनी डिकीच्या तळाखाली असते आणि खंबाटकी घाटात पंक्चर झाल्यावर तो बॉक्स एकट्याला उचलून बाहेर काढायचा असतो.

आणखी एक: सीटची पाठ मागे कललेली असते. ३० सेंमी खोली तुम्ही तळाशी मोजलीत की वर? तळाशी मोजली असेल तर चौकोनी बॉक्स वर सीटला टेकेल, मग पाठ तिरकी कापावी लागेल आणि त्या ३३ लिटरमधूनही काही जातील.

सबचं मॉडेल, एफएस, क्यूईएस, आणि डिकीची तळाची व वरची खोली, एवढं लिहून टाका. आतली वजाबाकी मी करून देते. तोवर बोर्ड कापायला देऊ नका, आणि कोणी अ‍ॅम्प मोठा घ्या म्हणालं तर घेऊ नका.